ओटीपीचा मेसेज मराठीत द्या

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, जे काही ऑनलाइन करायचं असतं ते घेऊन लोक माझ्याकडे येतात. दिवसभरात माझ्या तोंडी एकच वाक्य सगळ्यात जास्त असतं : "काकू, मोबाइलवर आकडा आला असंल, तेवढा सांगा." आणि माझ्या पाठीमागं भिंतीवर पोस्टर लावलेलं आहे, "ओटीपी कुणालाही सांगू नका."

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हाची रांग मी विसरलेले नाही. बाईच्या आधारला एक ओटीपी, मग नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारला दुसरा. नवरा द्राक्षबागेत छाटणीवर. मग बाई स्पीकरवर फोन लावणार आणि सगळ्यांच्या देखत विचारणार, "अहो, आला का आकडा? वाचा की लवकर, साइट बंद पडंल." तिकडून तो एकेक आकडा सांगायचा आणि मी टाइप करायची. यात चूक कुणाचीच नव्हती, काम होतंच तसं. पण त्या रांगेत आम्ही बायकांच्या मनावर एक गोष्ट ठसवली, की सरकारी कामाला आकडा विचारतात आणि तो पटकन सांगायचा असतो.

त्याच रांगेतल्या एका बाईंना काही दिवसांनी फोन आला. योजनेच्या ऑफिसातून बोलतोय, तुमचा हप्ता अडकलाय. माणूस मराठीत बोलत होता, आदबीनं, ताई-ताई करत. त्यानं आधी एटीएम कार्डावरचे सगळे आकडे वाचून घेतले आणि मग आलेला ओटीपी विचारला. दोन वेळा. बचत गटाच्या कर्जाचे पैसे खात्यात नुकतेच पडले होते, त्यातले २४ हजार गेले.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडं आल्या. फोन पदरात गुंडाळलेला, घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी मेसेज उघडले. किती रुपये जाणार ते त्यात लिहिलेलं होतं. कुणाला जाणार ते लिहिलेलं होतं. कुणाला सांगू नका, हेसुद्धा लिहिलेलं होतं. सगळं इंग्रजीत. या बाई सातवी शिकलेल्या आहेत, श्रावणात पोथी वाचतात, गटाचं हिशेबाचं रजिस्टर त्यांच्याच हातचं असतं. "तुमच्या खात्यातून १२ हजार रुपये जात आहेत" एवढी ओळ मराठीत आली असती तर त्यांनी तिथंच फोन ठेवला असता. त्या अडाणी नाहीत, साहेब. त्यांना कळणाऱ्या भाषेत त्यांना कुणी सांगितलंच नाही.

म्हणून माझी पहिली मागणी ही आहे. राज्याच्या योजनांच्या पोर्टलवरून जाणारा प्रत्येक ओटीपी मराठीत जाऊ द्या, आणि त्यात आकडा शेवटी ठेवा. आधी कशासाठी, पैशाचं काम असेल तर किती रुपये, आणि मग आकडा. आज लोकांची नजर थेट आकड्यावर जाते, बाकीचं कुणी बघत नाही. आधारचे मेसेज केंद्राकडून येतात, बँकांचे बँकांकडून, हे मला कळतं. पण दिल्लीत आणि रिझर्व्ह बँकेकडं हा विषय काढायचा तर आपला शब्द लागेल, माझ्यासारखीच्या अर्जानं ते होणार नाही.

दुसरं १९३० या नंबरचं, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा सरकारी नंबर. पैसे गेल्या गेल्या या नंबरवर फोन केला, व्यवहाराचा नंबर दिला, तर पैसे ज्या खात्यात गेले तिथं रोखून धरता येतात. पण चोर ते पुढच्या खात्यात ढकलायच्या किंवा काढून घ्यायच्या आत हे व्हायला पाहिजे. त्या बाई दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्या, तिथून त्यांना पोलिसांकडं पाठवलं, तिसऱ्या दिवशी माझ्याकडं. मी तिथल्या तिथं १९३० लावून तक्रार नोंदवून दिली, पण खात्यात काही उरलेलं नव्हतं. हा नंबर पासबुकच्या पहिल्या पानावर, सोसायटीच्या भिंतीवर, दूध डेअरीच्या काट्याजवळ मोठ्या अक्षरात पाहिजे. आपण सांगितलं तर महिन्याभरात होईल असं काम आहे हे.

आमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहतात, पोरं अभ्यासाला बसतात. भोंग्यानं एवढं होत असेल, तर नवीन फसवणूक सुरू झाली की त्याच दिवशी देवळाच्या स्पीकरवरून दोन वाक्यं का सांगता येऊ नयेत? आरटीओच्या दंडाची किंवा लग्नपत्रिकेची म्हणून एपीके फाइल येते, ती उघडू नका. ती फाइल नसते, ॲप असतं. एकदा परवानगी दिली की तुमचे मेसेज परस्पर चोराकडं जातात, मग ओटीपी विचारायचीही त्याला गरज उरत नाही. हे मी काउंटरवर सांगते. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, हेही सांगते. व्हिडिओ कॉलवर अटक करायची कायद्यात सोय नाही, हे तर गेल्या आठवड्यात एका निवृत्त गुरुजींना चार वेळा सांगितलं, तेव्हा त्यांचा हात थरथरायचा थांबला. पण माझ्याकडं येतात तेवढ्यांनाच मी सांगू शकते.

ज्यांचे पैसे गेले त्या बाई अजून गटाचा हप्ता भरतायत. महिन्याला बाराशे रुपये, शेतमजुरीतून.

मेसेजचा मसुदा ठरवायच्या आधी आपल्या खात्यातला एक अधिकारी एक दिवस माझ्या केंद्रावर पाठवा. सकाळी नऊला उघडते. काउंटरच्या आतल्या बाजूला त्यांना खुर्ची देते. पहिल्या दहा बायका मोबाइल कसा पुढं करतात, तेवढं त्यांनी बघावं.

आपली,
एक सेवा केंद्र चालक
ता. पलूस, जि. सांगली