उत्तरेचं ऊन

आई, आण्णा,

फोनवर बोलायला गेलं की आई "जेवलास काय" आणि "बारीक झालायस" यातच अडकते (साध्या कॉलवर बी तिला मी बारीक दिसतो), म्हणून टाईप करून पाठवतोय. पिंट्याकडनं वाचून घ्या. आण्णा, तुम्ही स्वतः मोबाईलमध्ये डोळं घालून बसू नका.

आधी गुरुवारचं. आण्णांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हतो. बुधवारी संध्याकाळच्या आजऱ्याच्या गाडीनं निघणार होतो, बॅग भरून दाराशी ठेवलेली, आणि चार वाजता आर्किटेक्टकडनं नवीन ड्रॉइंग आलं, चार फुटाची बाल्कनी सहा फूट झालेली, वर एक मजला वाढलेला, आणि ब्रोशर छापायला जायचा सोमवार मात्र तसाच. बिल्डिंगची चित्रं काढायची पाच, पाच बाजूंनी. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण बिल्डर नवीन, पुढचं काम बी मिळंल असं डोक्यात होतं, आणि खरं सांगू काय, मला वाटलं मोतीबिंदूचं काय एवढं, संध्याकाळी घरी सोडतात. आई तिथं दिवसभर एकटीच बाकड्यावर बसून होती हे पिंट्यानं नंतर सांगितलं.

आई, तू विचारतीस ना, चित्र कॉम्प्युटर काढतो तर तू रात्रभर जागून काय करतोस. अगं, आधी अख्खी बिल्डिंग आत उभी करायची, खिडक्या, ग्रील, पायऱ्या सगळं मापानं, मग काचेला काचेची चमक, लाकडाला रेषा, मग सूर्य कुठं ठेवायचा ते ठरवायचं, आणि मग बटण. पुढं मशीन उजेडाचा हिशोब करत बसतं, चित्र आधी रव्यासारखं रवाळ दिसतं आणि हळूहळू साफ होत जातं. एका मोठ्या चित्राला माझ्या मशीनवर दीड तास. रुंदी दुप्पट मागितली तर वेळ दुप्पट नाही, चौपटीच्या घरात जातो, कारण उंची बी दुप्पट होते. झाडं जास्त लावली की ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरते आणि सगळं बंद पडतं. क्लायंटला यातलं काय माहीत नसतं, तो रात्री साडेअकराला दुबईच्या कुठल्यातरी टॉवरचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, "असं जिवंत करा". शुक्रवारी पहाटे तीनला लाईट गेली, ऐंशी टक्के झालेलं चित्र गेलं. इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब आणि पंखा. ट्यूबच्या उजेडात बंद स्क्रीनकडं बघत बसलो, दुसरं करणार काय.

शनिवारी रात्री बिल्डिंगच्या पुढच्या बाजूचं चित्र तुम्हाला पाठवलं ते, खोटं कशाला बोलू, शाबासकीसाठी. आणि रविवारी साडेसहाला आण्णांचा फोन, पट्टी निघून दोनच दिवस झालेले. "बिल्डिंगचं तोंड कुठं?" म्हटलं उत्तरंला. "बाल्कनीत आकाशकंदील लावलाईस, म्हणजे दिवाळी. मग दिवाळीत उत्तरंच्या भिंतीवर ऊन कुठनं आणलंस?"

मी गप्पच. कारण ते मी मुद्दाम केलतं. आपल्याकडं दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासनं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, त्यातला निम्मा काळ तर पावसातच जातो. दिवाळीत दिवसभर दक्षिणेकडं कललेला. पण सावलीतली भिंत मेल्यासारखी दिसते, म्हणून मी सॉफ्टवेअरमधली उत्तर दिशाच फिरवली, एका क्लिकचं काम. आर्किटेक्ट, बिल्डर, साईट इंजिनिअर, तिघांनी बघितलं, कुणाला काय दिसलं नाही. वर तुम्ही म्हणालात, "कंपौंडला एकच चिरा धा धा वेळा लावलाय, आणि सांध्यावर सांधा आलाय, असली भिंत पहिल्या पावसात फाटंल." ते बी खरं, जांभ्याचा एकच फोटो मी परत परत चिकटवलेला. लहानपणी इथं कोल्हापुरात न्यू पॅलेस बघायला आणलेलं तेव्हा आम्ही आत पेंढा भरलेले वाघ बघत होतो आणि तुम्ही बाहेर काळ्या दगडाचे सांधे. 1884 सालचं काम, बोटानं सांधा चाचपत होता. आम्हाला लाज वाटलेली.

एक गोष्ट सांगितली नव्हती. मागच्या वर्षी एकानं चौथ्या मजल्याच्या खिडकीतनं रंकाळा दाखवायला लावलं. मध्ये एक बिल्डिंग येते. "ती काढा की," म्हणाला. मी काढली. ते फ्लॅट बघून कुणी पैसे भरले असतील काय, हे आजवर डोक्यातनं जात नाही.

म्हणून यावेळी बिल्डरला फोन केला. तो म्हणाला, चित्रच आहे की, खाली बारीक अक्षरात लिहू कलाकाराची कल्पना म्हणून. म्हटलं, बिल्डर लोकांसाठीच्या 2016 च्या रेरा कायद्यात बाराव्या कलमात जाहिरातीचंच आहे, खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्याचं नुकसान झालं तर भरपाई तुम्हाला द्यावी लागंल. तो जरा थंड झाला. मग मी सूर्यच काढून टाकला. दिवेलागणीची वेळ केली, आभाळ निळं, खिडक्यांत पिवळे दिवे, आकाशकंदील पेटलेले. त्या वेळेला भिंत कुठल्या दिशेची का असंना, फरक पडत नाही. रविवारची रात्र गेली त्यात, पण सोमवारी आठला फाईल गेली. त्याचं उत्तर काय, तर "हे आधीच का नाही दिलं?" पैसे निम्मे आलेत, निम्मे "बघूया".

आता दुसऱ्या डोळ्याची तारीख मला आधी सांगा, डॉक्टरांनी दिली की त्याच दिवशी. बॅग अजून दाराशीच आहे. आणि पिंट्याला पडवीच्या जांभ्याच्या भिंतीचे फोटो काढायला सांगा, ढगाळ असताना, एकदम समोरनं, सावली पडायला नको, आणि एकाच जागेचे नको, निदान वीसेक वेगळे चिरे पाहिजेत. कुठले घ्यायचे ते आण्णा दाखवतील, पण काळा चष्मा लावून आणि खाली न वाकता. आई, घनसाळ तांदूळ पाठवू नको, मागचा डबा अर्धा आहे.

तुमचा,
बाळ्या