अडतिसाव्या वर्षी कॉकपिटकडे

हैदराबाद

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

अडतिसाव्या वर्षी पायलट व्हायला निघणं म्हणजे वेडेपणा का, असं तू विचारलंयस. माझ्या मते नाही. पण राजीनामा आत्ता देऊ नकोस, आधी मेडिकल कर.

डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था. तिच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू ही पहिली तपासणी, मग क्लास वन, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारी. मी बेंगळुरूला हवाई दलाच्या संस्थेत गेलो होतो. फार कसून तपासतात. विशीतल्या पोरांना तो सोपस्कार वाटतो, पण आपल्या वयात बीपी नाहीतर शुगर तिथेच वाट अडवते. चष्म्याची काळजी नको, तो चालतो. क्लास वन हातात पडेपर्यंत कुठल्याही फ्लाइंग स्कूलला एक रुपया देऊ नकोस, मग ते कितीही गळ घालोत.

तुझी बारावी कॉमर्सची, म्हणजे एनआयओएस या मुक्त शालेय बोर्डातून फिजिक्स आणि मॅथ्स द्यावं लागेल. त्यानंतर कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएच्या परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक, मग हे पेपर: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. हे पेपर नोकरी सांभाळून निघतात. मी चाकणच्या सेकंड शिफ्टनंतर अभ्यास करायचो, आणि खरं सांगतो, मेटिऑरॉलॉजीने वेड लावलं मला. लहानपणापासून पाहिलेला वळीव का आणि कसा येतो ते पस्तिशीत कळलं.

पैशांचं स्पष्टच लिहितो. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, उड्डाणाचे २०० तास लागतात, त्यातले १०० तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. आपल्याकडे ५० लाखांच्या आसपास धर, टाइप रेटिंगचा, म्हणजे एअरलाइनच्या विशिष्ट विमानाच्या ट्रेनिंगचा, खर्च वेगळा. आणि लायसन्स मिळालं की नोकरी लागतेच असं नाही. माझा तो मधला काळ फार वाईट गेला. घरात पगार बायकोचाच, मुलीची शाळा सुरू, आणि मी रोज सिम्युलेटरची प्रोसिजर्स घोकत बसलेला. त्या वर्षासाठी पैसे आधीच बाजूला काढून ठेव. घर मात्र गहाण टाकू नकोस.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते. बारामतीला मी पहिल्यांदा सोलो, म्हणजे एकटाच विमान घेऊन, गेलो तेव्हा इन्स्ट्रक्टर उतरले, त्यांनी शेजारचा रिकामा सीटबेल्ट नीट बांधला, दार लावलं आणि लांब जाऊन उभे राहिले. एक माणूस कमी झाल्याने ती छोटी सेसना हलकी झालेली, नेहमीपेक्षा लवकर वर आली. खाली उसाचे पट्टे, आणि मी मोठ्याने चेकलिस्ट म्हणत होतो, ऐकायला कुणी नसताना. इतका जिवंतपणा मला नोकरीतल्या कुठल्याच प्रमोशनने दिला नव्हता.

सिनिऑरिटीचं मात्र मनाला आधीच समजावून ठेव. इथे वय मोजत नाहीत, जॉइनिंगची तारीख मोजतात. माझ्या डाव्या हाताला बसणारे कॅप्टन कधी कधी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतात. ते ‘सर’, मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. प्लांटमध्ये माणसं सांभाळलेली असल्याने एक गोष्ट मला जमते: शंका आली की वेळेवर आणि शांतपणे बोलायचं. कॉकपिटमध्ये याला फार किंमत आहे, आणि ही सवय तुझ्यातही आहे. बँकेत मोठ्या साहेबांसमोर कर्जाच्या फाइलवर ‘नाही’ म्हणणारा तू एकटाच होतास.

हिशेब असा: एकेचाळीस-बेचाळीसला लागलास तरी एअरलाइनमध्ये ६५ पर्यंत उडता येतं. कॅप्टन होण्यासाठीच्या एटीपीएल लायसन्सला १५०० तास लागतात, म्हणजे कमांडही, अर्थात कॅप्टनची खुर्चीही, आवाक्यात आहे. फक्त सणवार रोस्टरवर असतील. यंदा गणपतीत मी घरी नव्हतो, आणि मुलगी दोन दिवस माझ्याशी फोनवर बोलली नाही. हे वहिनींना आजच सांग, नंतर नको.

पुढच्या महिन्यात एटीआर हे आमचं छोटं प्रवासी विमान घेऊन कोल्हापूरला येण्याची शक्यता आहे. तिथे आमचा मुक्काम नसतो, प्रवासी उतरले-चढले की परत. त्यामुळे भेट होणार नाही. सुट्टी टाकून वेगळा येतो, मग वहिनींसमोर बसून सगळे आकडे मांडू. तोवर क्लास टूची अपॉइंटमेंट घे आणि कधीची मिळाली ते कळव.

तुझा,
अविनाश