दुखण्यावरच्या गोळ्या आणि कोंडून ठेवण्याचे उपचार

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यात आणि पुढे विट्याजवळ मेफेड्रोन (एमडी) या अमली पदार्थाचे कारखाने सापडल्यापासून आपल्या सांगली जिल्ह्यात नशेवर पुष्कळ बोलले जाते. मात्र ज्या नशेसाठी तस्कर लागतच नाही, तिचा विषय क्वचितच निघतो.

माझा भाचा अकरावीत असताना मोटारसायकलवरून पडला. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली आणि वेदनांसाठी ट्रॅमाडॉल हे अफूसारखी सवय लावू शकणारे वेदनाशामक दिले गेले, ते योग्यच होते. पण हाड जुळले तरी गोळ्या सुटल्या नाहीत. घडीवर फाटत आलेली तीच चिठ्ठी दाखवून त्या मिळत राहिल्या, त्याही कात्रीने कापलेल्या पट्टीतून, जिच्यावरची लाल चौकटीतील सूचना उरलेल्या तुकड्यासोबत दुकानातच राहत असे. वास्तविक हे एच-१ अनुसूचीतील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणारे औषध आहे. डॉक्टर, रुग्ण व दिलेले प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि २०१८ पासून हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले आहे. अन्न व औषध प्रशासनाने या वह्या उघडून पाहाव्यात.

घरी कळल्यावर नातेवाइकांनी सुचवले की पोराला आठवडाभर खोलीत कोंडा किंवा कुलदैवताची शपथ घाला. गोळी एकदम बंद केली की नाकाडोळ्यांतून पाणी, सतत जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब आणि रात्ररात्र जागरण सुरू होते. हे सोंग नसते. त्याहून धोक्याची बाब म्हणजे काही आठवड्यांच्या खंडाने शरीराची सहनशक्ती उतरते आणि मग जुन्या सवयीने तेवढ्याच गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणून मात्रा हळूहळू उतरवणे, गरजेनुसार गोळीची ओढ आणि त्रास कमी करणारे ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देणे आणि सोबत समुपदेशन करणे हे मनोविकारतज्ज्ञाचेच काम आहे. आमच्याकडे बहिणीने गोळ्यांचा डबा कपाटात कुलूपबंद केला, दिवसाची मात्रा ती स्वतः हातावर ठेवी आणि पायाचे खरे दुखणे फिजिओथेरपीवर सोपवले. मध्ये एकदा त्याने चोरून गोळ्या आणल्या, तेव्हा डॉक्टरांनी रागावण्याऐवजी उपचारांची आखणी बदलली. दाजींना ते रुचले नव्हते, पण गुण त्यानेच आला.

पोलिसांच्या भीतीने पालक गप्प बसतात. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ अमली पदार्थविरोधी कायद्यातच आहे. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या क्रमांकांवर फोन करता येतो; दोन्ही सेवा विनामूल्य आहेत.

सांगली-मिरजेतील अस्थिरोगतज्ज्ञांना एक विनंती आहे. अशा गोळ्या लिहून देताना त्या कोणत्या तारखेला बंद करायच्या, हे चिठ्ठीवर ठळक मराठीत लिहावे आणि ते मुलाच्या हाती न देता पालकांना समोर बसवून सांगावे.

आपला,
एका मुलाचा मामा, विश्रामबाग, सांगली