व्येलिचकाच्या मिठाच्या खाणीतल्या गाईडबाईंना

प्रिय गाईडबाई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या कोटावरच्या पट्टीवर नाव होतं आणि ते माझ्या लक्षातही आहे. पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून गाईडबाईच म्हणते. जूनमध्ये पोलंडमधल्या क्राकूव शहराहून एक दिवसाच्या सहलीला आलेल्या गटात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी खाणीच्या भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. ते माझे बाबा. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण पोटातून आभार मानायचे तर मला मराठीतच जमतं, आणि आमच्या उरण-पेणकडच्या माणसांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. माझा भाऊ त्याचं पोलिश करून घेऊन तुमच्या हाती पोचवील.

बाबांबद्दल तुम्ही खाली विचारलंत तेव्हा घाईत अर्धवटच सांगता आलं. आम्ही आगरी. आमच्याकडे आगरी म्हणजे भात आणि मीठ. पावसात भाताची लावणी, पाऊस सरला की मिठागर. दसरा-दिवाळी झाली की बांध दुरुस्त करायचे, चिखलाचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाच्या स्वाधीन करायचं. पाणी आटत जातं, खार वाढत जातो, शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. ते लाकडी फावड्याने ओढायचं आणि मृगाचा पाऊस यायच्या आत राशी लावून झाकायच्या. बाबांची सगळी उमेद यात गेली. आईने त्याच मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. आगर दुसऱ्याचं, मजुरी यांची.

त्यामुळे भावाने "इथे जवळच जमिनीखाली मिठाची खाण आहे, आत देऊळ आहे मिठाचं" असं म्हटल्यावर बाबांनी दुसरं काही बघायचं नावच काढलं नाही. एका सहलवाल्याने आम्हाला तोंडावर नाही म्हटलं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पायऱ्या फार, गट खोळंबतो. दुसऱ्याने घेतलं, पण तोही बसमध्ये दोनदा म्हणाला की थकवा आला तर मधूनच परतता येत नाही. बाबा गप्प बसून होते. खाणीच्या दाराशी तुम्ही आमचा ताबा घेतलात तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता, हे आता सांगते.

पहिल्या टप्प्यावरच 64 मीटर खाली जायचं, लाकडी जिन्याच्या 380 पायऱ्या. वळण, सात-आठ पायऱ्या, पुन्हा वळण. तुम्ही गटावरून एक नजर फिरवलीत, बाबांना बोलावून आपल्या मागे पहिलं उभं केलंत आणि सगळ्यांना सांगितलंत, "हे चालतील तसं आपण चालू." बस. पुढे कोणी कुरकुरलं नाही, कारण सगळ्यांचीच चाल बाबांची झाली. शेवटी ठेवलं असतं तर प्रत्येक वळणावर "आपल्यासाठी लोक थांबलेत" या विचाराने त्यांनी दम न घेता पाय उचलले असते. हे तुम्हाला आधीच कळलं होतं. आईवडिलांना घेऊन परदेशात फिरणाऱ्या सगळ्यांना मी आता हेच सांगते, की म्हाताऱ्या माणसाला पुढे चालू द्यावं.

मग ती भिंत. आमच्या डोळ्यांना मीठ म्हणजे पांढरं. तुमचं मीठ करडं, कुठे हिरवट, दगडासारखं टणक, दिव्याच्या उजेडात चकाकणारं. बाबांचा विश्वासच बसेना. ते माझ्याकडे वळून पुन्हा पुन्हा विचारत होते, यात मीठ कुठाय? तुम्ही शब्द न समजता प्रश्न ओळखलात. बोट भिंतीवरून फिरवून जिभेला लावायची खूण केलीत. बाबांनी चव घेतली, डोळे मिटले आणि मिठाच्या मजुराने सांगावं तसं सांगितलं: तेज आहे, आपल्या मिठाला मागून जरा कडवटपणा येतो, तो याला नाही. मी हे इंग्रजीत सांगितल्यावर तुम्ही गट थांबवलात आणि विचारलंत, "यांना मिठातलं कळतं का?"

तिथून पुढचे तीन तास बदलले. तुम्ही रोज जे सांगता ते सांगत होताच, पण आता बाबांकडे बघून सांगत होता. एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, तो आटला, मागे मीठ राहिलं, त्यावर माती चढली, डोंगर उचलले गेले तेव्हा थर दुमडले, आणि तेराव्या शतकापासून माणसं ते खणत आली. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते आनंदाने जवळजवळ ओरडलेच, "म्हंजे यो पन दर्याचाच मीठ!" तुम्ही म्हणालात, हो, ऊन तेच, समुद्र तसाच, फक्त तुमचं मीठ एका हंगामात होतं. गटातल्या लोकांनी मग त्यांनाच विचारायला सुरुवात केली. मीठ किती दिवसांत धरतं, पाऊस अवेळी आला तर काय होतं. बाबा सांगत होते, मी इंग्रजी करत होते, तुम्ही मान डोलवत होता. आयुष्यभर त्यांच्या कामाबद्दल कोणी त्यांना असं विचारलं नव्हतं. मीही नाही.

सेंट अँथनीच्या चॅपेलमध्ये, म्हणजे खाणीतल्या छोट्या प्रार्थनाघरात, त्याचाच पुढचा भाग घडला. 1698 मध्ये तिथे पहिली प्रार्थना झाली, असं तुम्ही सांगितलंत. आतल्या मिठाच्या मूर्तींची नाकंडोळी वाहून गेली आहेत, काहींची तर नुसती उभी आकृती राहिली आहे. एका बाईंनी विचारलं, कोणी तोडफोड केली का? तुम्ही उत्तर द्यायच्या आधी बाबा म्हणाले, हवा लागली. वरून येणारी दमट हवा. आमच्या राशींचंही तेच होतं, म्हणून तर झाकायच्या. तुम्ही हसून टाळी द्यायला हात पुढे केलात! आमच्या गावात कोणी परकी बाई बाबांना टाळी देईल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं, पण त्यांनीही दिली.

मिथेन जाळणाऱ्या माणसांचं ऐकताना मात्र सगळे गप्प होते. ओले कपडे अंगावर, लांब काठीला पेटता पलिता, आणि अंधारात जमिनीवर सरपटत पुढे जायचं, छताला साचलेला वायू थोडा असतानाच जाळून टाकायचा. जास्त साचला असेल तर संपलंच. आग, पाणी, वरून सुटणारा कडा. सकाळी खाली उतरलेला माणूस संध्याकाळी वर येईल याची कोणी हमी देणार नाही. तुम्ही म्हणालात, खाणीत इतकी चॅपेल का, याचं उत्तर इथे आहे. देवाकडे जायला वर चढून जाण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता, म्हणून जिथे काम तिथेच त्यांनी त्याला आणलं. हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं आहे.

आणि मग संत किंगाचं चॅपेल. जमिनीखाली 101 मीटर. सज्जावरून खाली पाहिलं तेव्हा गटातल्या प्रत्येकाच्या तोंडून काही ना काही निघालं. 1896 मध्ये सुरुवात झाली. योझेफ मार्कोव्स्की, मग त्यांचे भाऊ तोमाश, मग आन्तोनी विरोदेक. तिघेही खाणीतलेच कामगार, कोरीव काम कुठल्या विद्यालयात शिकलेले नाहीत. जवळपास सत्तर वर्षं हे चाललं, सुमारे 20 हजार टन मीठ त्यासाठी बाहेर काढलं गेलं. वेदी मिठाची, झुंबरातले लोलक मिठाच्या स्फटिकांचे, पायाखालच्या फरशाही मिठातच कोरलेल्या. विरोदेक यांनी कोरलेलं येशूचं शेवटचं भोजन तुम्ही आम्हाला आधी समोरून दाखवलंत, मग अगदी बाजूला नेऊन दाखवलंत. समोरून खोलवर गेलेली खोली वाटते, बाजूने बघितलं की कळतं, कोरीव काम केवढं उथळ आहे. बाबांनी मला त्या टेबलाच्या कडेवरचे छिन्नीचे बारीक घाव दाखवले. "याचा हात कामाचा होता," एवढंच म्हणाले.

किंगाची कथा तुम्ही तिथेच सांगितलीत, वेदीजवळ, जिथे तिच्या अस्थींचा अंश ठेवला आहे. हंगेरीच्या बेला राजाची लेक, पोलंडच्या बोलेस्वावला दिलेली. आंदणात सोनंनाणं न मागता सासरच्या माणसांसाठी मीठ मागणारी, माहेरच्या खाणीत अंगठी टाकून निघालेली. आणि इथे पोचल्यावर तिने दाखवलेल्या जागी खणलं तर मिठाच्या पहिल्याच खड्यात तीच अंगठी. 1999 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिलं, तुमच्या देशाचेच ते. त्यांचा मिठाचा पुतळाही समोर आहे. मीठ मागणारी राजकन्या बाबांना फार आवडली. घरी आल्यापासून नातवंडांना ती कथा सांगून झाली आहे, फक्त त्यांच्या सांगण्यात किंगा उधाणाच्या दिवशी होडीतून सासरी येते.

आता ज्या गोष्टीसाठी खरं म्हणजे हे पत्र आहे ती. चॅपेलच्या पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीशी बाबांनी बूट काढले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. समोर देव आहे, पायात वहाण कशी ठेवणार? मागून दुसरा गट येत होता, लोक बघायला लागले, मी हळूच म्हटलं, बाबा, इथे तसं करत नाहीत. तुम्ही माझ्या दंडाला धरून मला थांबवलंत. बाबांचे बूट उचलून बाजूला बाकाखाली ठेवलेत आणि त्यांना वेदीपर्यंत एकट्याला जाऊ दिलंत. अनवाणी पायांनी ते त्या मिठावरून चालत गेले. ज्या पायांनी जन्मभर आगराचा तळ तुडवला, भेगांत खार जाऊन चरचरणारे ते पाय. त्यांनी एकवीरा आईला जोडतात तसे हात जोडले, वाकून जमिनीला बोटं लावली, ती कपाळाला लावली.

परत आल्यावर त्यांना वाकून नाड्या बांधता येईनात. मी पुढे होईपर्यंत तुम्ही गुडघा टेकून बसला होता. दोन्ही बुटांच्या नाड्या तुम्ही बांधल्यात, ओढून, दुहेरी गाठ मारून, पुढे पायऱ्या आहेत म्हणून. बाबा संकोचून "नको, नको" म्हणत होते. तुम्ही पोलिशमध्ये काहीतरी म्हणालात आणि त्यांच्या पोटरीवर थोपटलंत. ते काय होतं मी विचारलं नाही. बाबा म्हणतात, त्यांना कळलं.

पुढची तळी, 36 मीटर उंचीचं ते दालन, खाली 135 मीटरपर्यंतचा प्रवास, सगळं सुंदर होतं, पण त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला आठवतं ते लिफ्टच्या रांगेतलं बोलणं. कोल्हापूर तुमच्यापासून किती लांब, असं तुम्ही विचारलंत. युद्धाच्या काळात, 1943 ते 48, कोल्हापूरजवळ वळीवड्याला पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, निर्वासित म्हणून राहिली होती, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आम्ही महाराष्ट्रातून आलो एवढ्यावरून तुम्हाला ते आठवलं. आमच्याकडे किती जणांना ते ठाऊक आहे, देव जाणे. शाळेत शिकवायला हवं.

एक गोष्ट मात्र परत आल्यापासून सलते आहे. तुमच्या खाणीतलं मीठ काढणं 1996 मध्ये बंद झालं. 1978 पासून ती जागतिक वारसा आहे. काम थांबलं तरी माणसं अजून खाली उतरतात, टेकू लावतात, पाणी उपसतात, मूर्ती झिजू नयेत म्हणून हवेवर लक्ष ठेवतात, रविवारी त्याच चॅपेलमध्ये प्रार्थना होते. चौदाव्या शतकात राजाच्या खजिन्याचा जवळपास तिसरा हिस्सा मिठातून यायचा हे तुम्ही अभिमानाने सांगता, आणि त्याच दमात मिठाखाली दबून मेलेल्यांचंही सांगता. बाबांचं आगर भरावाखाली गेलं. तिथे आता कंटेनर उभे असतात. बांध कुठे होता हेसुद्धा बाबांनाच दाखवता येतं. त्यांच्यानंतर कोण दाखवणार? मी त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली आहे, वाफ्यांची नावं, कामाची रीत, आईबरोबर पाट्या वाहणाऱ्या बायकांची नावं. ही बुद्धी तुमच्यामुळे झाली.

बाबांचं निमंत्रण आहे. पेण-उरणच्या पट्ट्यात थोडी मिठागरं अजून तग धरून आहेत. फेब्रुवारी ते मे या दिवसांत यावं, तेव्हा मीठ धरलेलं असतं. मुंबईला उतरलात की भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडा, आम्ही मोऱ्याच्या जेट्टीवर घ्यायला येऊ. घरी तांदळाची भाकरी आणि ओल्या जवळ्याचं कालवण असेल. दुपारी आगरावर ऊन फार लागतं, तेव्हा बाबा तुम्हाला सकाळी लवकर नेणार आहेत, आणि त्यांनी बजावून सांगितलं आहे की तिथे पुढे ते चालतील.

तुमची,
उरणच्या आगरी घरातली एक लेक