पिवळा रंग आला म्हणजे पाणी शुद्ध?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगेत मासे मेल्याचे फोटो आपल्या अंकात येत असतात. तेरवाड बंधाऱ्याजवळ पाणी काळे पडते, अधिकारी येतात, बाटल्या भरून नेतात. मेलेला मासा निदान दिसतो तरी.

मी शिरोळ तालुक्यात आरोग्य सेवक होतो. नळाखाली काचेची नळी धरायची, ओटीचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले की वहीत 'पॉझिटिव्ह' लिहून पुढची गल्ली गाठायची. एका आजीने नळी निरखून विचारले होते, "पिवळं झालं खरं, मग नातवाचं पोट का थांबंना?" मी पाणी उकळून द्या म्हणालो. सल्ला बरोबर होता, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर ते नव्हते.

पिवळा रंग एवढेच सांगतो की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. कॉलरा, टायफॉइडच्या जंतूंना तो पुरतो. पण पोट बिघडवणारे दोन सूक्ष्म परजीवी आहेत: जिआर्डिया त्याला सहजी दाद देत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियम तर नेहमीच्या मात्रेला जुमानतच नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत शुद्धीकरण केंद्रातून आलेले, क्लोरीन घातलेले पाणी पिऊन सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, ते याच परजीवीमुळे. तो माणसाच्या मैल्यातून येतो, तसा वासरांच्या शेणातूनही. आपल्याकडे दोन्ही नाल्यातच जाते. जोराचा पाऊस झाला की कोल्हापूरचे सांडपाणी वाहणारा जयंती नाला बांधावरून ओसंडून थेट नदीत, आणि खाली आमची गावे. इचलकरंजीत २०१२ला काविळीची साथ आली. तो विषाणू होता, पण मैल्यातून नळात येण्याची वाट तीच.

नदीचे नमुने घेतात तेव्हा बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण), विरघळलेला प्राणवायू आणि मैल्याची खूण मानले जाणारे कोलिफॉर्म जिवाणू बघतात. कोलिफॉर्म क्लोरीनने मरतात. त्यामुळे नळाच्या पाण्यात ते शून्य आले म्हणून परजीवी नाहीत असे होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) हे दोन्ही परजीवी १० लिटर पाण्यात एकही नसावेत, असे लिहिले आहे. तेवढे पाणी गाळून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते. मी आयुष्यभर पाठवली ती एक लहान बाटली.

गावोगाव ही तपासणी करा, असे माझे म्हणणे नाही, ती खर्चिक आहे. पण कोल्हापूरच्या जयंती आणि दुधाळी नाल्यांच्या तोंडाशी आणि नदीतून पाणी उचलणाऱ्या मोठ्या योजनांच्या जॅकवेलवर (उपसा विहिरीवर) तरी ती व्हावी. उन्हाळ्यात एकदा आणि पहिला मोठा पाऊस पडल्यावर एकदा. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक, ता. शिरोळ