अस्वांगच्या गोष्टीत कापिझला कशाला ओढता?

संपादक महाशय,

रविवार पुरवणीतला फिलिपिन्सच्या लोककथांतल्या अस्वांग या रूप बदलणाऱ्या भुतावरचा लेख वाचला. दिवसा साधीसुधी शेजारीण, रात्री कुत्रा नाहीतर डुक्कर होऊन गरोदर बाईच्या घराभोवती फिरणारी, छपरातून दोऱ्यासारखी जीभ खाली सोडणारी. वर्णन झकास जमलंय. कमरेत दुभंगून वरच्या धडानिशी उडणारी मनानांगालही आहे. पण तिच्या मागे उरलेल्या अर्ध्या अंगावर मीठ किंवा राख टाकली की ती पुन्हा जुळू शकत नाही, हे राहून गेलं. आणि ‘टिकटिक’ असा आवाज करणारा अस्वांगचा प्रकार तर सुटलाच! त्याचा आवाज मोठा असेल तर तो लांब आहे, बारीक होत गेला तर छपरावर आलाय. माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट हीच.

लिहायला बसलो ते मात्र लेखात तिथल्या पनाय बेटावरच्या कापिझ प्रांताला ‘अस्वांगांची राजधानी’ म्हटल्यामुळे. मी बोटीवर इंजिनीअर होतो. पनायची माणसं इंजिन रूममध्ये कायम असायची. त्यातला कोणी कापिझचा निघाला की मनिलाची पोरं जेवताना, अस्वांग पळवायला म्हणून, त्याच्यापुढे लसूण सरकवायची. इंजिनाला तेल घालणारा एक ऑइलर तर गाव विचारलं की शेजारच्या इलोइलोचं नाव ठोकून द्यायचा. आमच्या कोकणात भुतांची काय कमी आहे? पण म्हणून मला कुणी मीठ मारत नाही.

कापिझच्या रोहास सिटीत 2004 च्या सुमारास अस्वांग महोत्सवही सुरू झाला होता. चर्चनं विरोध केला, काही वर्षांत तो बंद पडला.

याच पनायमध्ये ‘लुबाग’ नावाचा आनुवंशिक आजार आहे, कापिझमध्ये सर्वांत जास्त. आईकडून येतो, होतो बहुतेक पुरुषांना, साधारण चाळिशीच्या आसपास. मान पिळवटते, जबडा उघडा राहतो, जीभ बाहेर येते, हातपाय वाकडे होतात. पुढे कंपवातासारखी लक्षणं दिसतात. अशा रोग्यांना बघूनच कापिझवर हा शिक्का बसला असावा, असा काहींचा तर्क आहे. अस्वांगची समजूत त्याहून जुनी आणि बेटोबेटी पसरलेली. 1589 मध्ये प्लासेन्सिया या स्पॅनिश पाद्र्यानंही तिची नोंद केली आहे. तेव्हा सगळं खापर आजारावर फोडता येणार नाही. पण गावातला धडधाकट माणूस असा डोळ्यांदेखत बदलताना पाहून लोक काय म्हणाले असतील, ते सांगायला नको.

आरोग्याच्या पानावर लुबागविषयी एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्यावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर, दापोली