मेडशिंगीची पाटी

सातारा,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय बाळू,

दिवाळीनंतर तुला चार ओळी टाकल्या नाहीत. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन मोकळा हो. प्रकृती बरी आहे. गुडघा पावसात कुरकुरतो, बाकी गोळ्या चालू. आज लिहायला बसलो ते मेडशिंगीपायी. हसू नकोस.

बागेतल्या झाडाला आपली जुनी पाटी आहे ना, नुसतं ‘मेडशिंगी’ लिहिलेली? परवा एक गृहस्थ तिच्याखाली पिशवीत पाला भरत होते. शुगरवर घेतोय म्हणाले, लेकीनं मोबाईलवर वाचून दाखवलं म्हणे. त्यांना हवा होता बेडकीचा पाला, म्हणजे गुडमार. तो वेल, हे झाड. दोघांच्याही शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या, म्हणून नाव एकच पडलं. पाटीवर दुसरं नाव घातलं की गर्दी होते, असं वसतिगृहाच्या गच्चीवर रात्री दोनपर्यंत कोण भांडत होतं रे?

खरं तर या दोघांत चुकण्यासारखं काही नाही. झाडाचं पान संयुक्त, एका दांड्यावर पाच-सात गोलसर पर्णिका, फूल पांढरं कर्ण्यासारखं, शेंग लांब, चपटी, वाकडी. वेलाचं पान साधं, समोरासमोर, हाताला लवदार. फुलं पिवळी, बारीक, झुपक्यानं. ओळख पटल्यावर हवं तर वेलाचं पान चावून थुंकावं आणि चिमूटभर साखर जिभेवर घ्यावी. वाळू खाल्ल्यासारखं वाटतं. अर्धा तास तरी गोड कळत नाही, मीठ मात्र कळतं. पण ही परीक्षा आधी सांगितली तर लोक दिसेल तो वेल चावत सुटतील, म्हणून त्यांना सांगितली नाही. एवढंच सांगितलं, की खरा गुडमार मिळाला तरी चालू गोळ्यांवर मनानं घेऊ नका, साखर नको तितकी उतरते. ते नाराज होऊन गेले. पिशवी ठेवून गेले, हे नशीब.

आता माझी झोप उडालीय ती दुसऱ्याच पाटीनं. कुंपणावर कळलावी फुललीय. पाकळ्या खालून पिवळ्या, वर लाल, उलट्या वळलेल्या. पानाचं टोकच लांबून तणाव्यासारखं शेजारच्या फांदीला गुंडाळतं. हिला आपल्याकडे बचनागही म्हणतात. आणि काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलं मूळ मिळतं तोही बचनागच, पण तो हिमालयातला, निळ्या-जांभळ्या फुलांचा. दोन्ही जहरी, पण विषं वेगळी. हिमालयातल्यानं ओठ-जीभ लगेच मुंग्या येऊन बधिर होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. कळलावीच्या कंदात कोल्चिसीन. काही तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, आणि तोवर खाल्लेलं कुणाच्या लक्षातही नसतं. रात्री दवाखान्यात घरचे म्हणाले, ‘बचनाग खाल्लाय’, तर डॉक्टरांनी कुठला धरायचा? त्यापेक्षा उपटलेला वेल पिशवीत घालून सोबत नेलेला बरा. नावानं वाचणारा माणूस नावानंच मरायचा, लेका.

जनावरांची नावं सगळीच अशी घातकी नाहीत म्हणा. द्वादशीला बाजारात वाघाटी आली होती. तिच्या आकड्यासारख्या काट्यात एकदा सदरा अडकला की नाव आयुष्यभर विसरत नाही. भाजीपाल्याकडून उसनी आणलेली नावं त्याहून लबाड. पानओवा घे, वास ओव्याचा आणि कूळ तुळशीचं. त्याच्या पाटीवर शास्त्रीय नाव घालावं तर कोलियसचा प्लेक्ट्रँथस झाला आणि आता पुन्हा कोलियस. आणि तुझ्या म्हशींचा लसूणघास! लसणाचा वाससुद्धा नाही. ल्यूसर्न म्हणता म्हणता लसूण झाला. पानं बघितली त्यांनी मेथीघास म्हटलं. दवात भिजलेला, कोवळा, एकटाच घालू नकोस, पोट फुगतं. कापून सुकवून कडब्यात मिसळ. बी घेताना अमरवेलाचं बारीक बी चाळून काढ, नाहीतर पिवळ्या दोऱ्यांचं शेत होईल.

पाट्या नव्यानं करतोय. सहा बाय नऊ इंच, हिरव्यावर पांढरं. खोडाला खिळा नाही, सालीत रुततो. तारही नाही, खोड जाडावलं की काच पडतो. शेजारी खांब रोवणार. पहिल्या ओळीत मोठं नाव, खाली इतर नावं, मग शास्त्रीय नाव आणि कूळ, शेवटी लाल अक्षरात ‘हे अमुक नव्हे’. पण माणूस वाचतो ती पहिली ओळ. म्हणून तिथं दुसऱ्या कुणाचं नसलेलं नाव हवं. वेलाला बेडकी आहे, बचनागाच्या जागी कळलावी आहे. अडलंय ते झाडाचं. बिचाऱ्याचा गुन्हा काही नाही आणि नाव तेवढं एकच. मेडशिंग म्हण, मेडशिंगी म्हण, फिरून तिथंच.

तुझ्या द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी कधी धरलीस? धाकटीच्या प्रवेशाचं काय झालं? वहिनींना नमस्कार, बेदाणा पोचला, संपलाही.

तुमच्याकडे धनगरांचे तळ पडतात ना, त्यांना या झाडाची शेंग दाखवून विचार. मेंढ्यांत जन्म काढलेली माणसं त्याला नुसतं शिंग म्हणून सोडणार नाहीत. रंगारी सोमवारी येतोय, त्याआधी फोन कर.

तुझा,
पप्या